खटक्यांचा हिशोब

सायकलच्या गिअरला खटका नसायचा, असाही एक मोठा काळ होऊन गेलाय. रेसिंग सायकलच्या खालच्या दांडीवर दोन छोट्या लिव्हर असायच्या. लिव्हर ओढायची, चेन खरखरली की जरा पुढे-मागे करायची, आवाज थांबला की गिअर बसला! मागे चकत्या किती आणि किती अंतरावर, याच्याशी लिव्हरला काही देणंघेणं नव्हतं. त्यामुळे इटलीच्या कॅम्पान्योलोचा डिरेलर (म्हणजे चेनला या चकतीवरून त्या चकतीवर ढकलणारा भाग), जपानी लिव्हर आणि फ्रेंच फ्रीव्हील एकाच सायकलवर सुखाने नांदायचे. उरलासुरला फरक चालवणाऱ्याचा कान भरून काढायचा.

१९८४ मध्ये शिमानोने ड्युरा-एस ७४०० हा सेट आणला आणि चित्र पालटलं. एक खटका, एक गिअर. कानाची गरज संपली. गंमत म्हणजे यातली तिरक्या डिरेलरची मूळ कल्पना प्रतिस्पर्धी सनटूरची, १९६४ ची. तिच्या पेटंटची मुदत नेमकी संपली होती.

आता थोडं गणित (आमच्या धंद्याची खोड, दुसरं काय!). शिमानोच्या नेहमीच्या ८ स्पीडमध्ये एका खटक्याला तार सुमारे २.८ मिमी ओढली जाते. डिरेलर त्याच्या साधारण १.७ पट सरकतो. गुणाकार जवळजवळ ४.८ मिमी, आणि दोन चकत्यांमधलं अंतरही तेवढंच. कॅम्पान्योलोच्या ८ स्पीडमध्ये हेच अंतर ५ मिमी. फरक फक्त ०.२ चा, पण आठ चकत्यांत सात वेळा साठतो आणि १.४ मिमी होतो. राउंडिंग एरर कसा साठत जातो, ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

कॅम्पान्योलोने १९८० च्या दशकाच्या शेवटी 'सिंक्रो' लिव्हर आणून वेगवेगळ्या फ्रीव्हीलशी जमवून घ्यायचा प्रयत्न केला. तो काही नीट जमला नाही. १९९२ मध्ये त्यांची एर्गोपॉवर लिव्हर आली, ती स्वतःच्याच मापांची. म्हणजे 'सगळं एकाच घरातलं घ्या' ही तांत्रिक गरज खरीच होती. पण तिच्यात धंदाही होता. शिकागोच्या स्रॅमने १९९० मध्ये शिमानोवर दावा लावला, तो पूर्ण सेट घेणाऱ्या सायकल कंपन्यांना मिळणाऱ्या सवलतीवरूनच. पुढच्या वर्षी कोर्टाबाहेर तडजोड झाली.

असो. गणित बांधून ठेवतं तसं सोडवतंही. कॅम्पान्योलोची १० स्पीड लिव्हरही एका खटक्याला साधारण २.८ मिमीच तार ओढते. म्हणून ती शिमानोच्या डिरेलर आणि ८ स्पीड कॅसेटबरोबर छान चालते, दोन खटके शिल्लक राहतात इतकंच. इंग्लंडमधल्या सायकलवाल्यांनी या जोडीचं 'शिमर्गो' असं बारसंही केलं. मात्र जपून! शिमानोच्याच घरात ड्युरा-एस ७४०० च्या डिरेलरचं गुणोत्तर बाकीच्यांपेक्षा वेगळं होतं. डब्यावरचं नाव नाही, मोजमाप बघायचं.

माझ्या ८ स्पीड सायकलची उजवी लिव्हर निकामी झाली, तेव्हा दुकानातून सल्ला मिळाला, "सगळा सेटच बदला." फ्रेम ठणठणीत, चाकं ठणठणीत, आणि एका लिव्हरपायी सगळं भंगारात? वरचा गुणाकार मी शिकलो तो त्या आठवड्यात.

आता शिमानोचं डीआयटू (२००९) आणि स्रॅमचं बिनतारी ई-टॅप (२०१५) येऊनही बरीच वर्षं झाली. तिथे डिरेलर किती सरकायचा हे मोटर आणि प्रोग्रॅम ठरवतात. खरं तर कुठलीही कॅसेट चालवणं आता सोपं असायला हवं. पण एकाची लिव्हर दुसऱ्याच्या डिरेलरशी बोलतच नाही. पूर्वीचा करार निदान व्हर्निअर कॅलिपरने मोजता यायचा. आताचा फर्मवेअरमध्ये आहे, आणि तो लिहिणारे आपल्याच धंद्यातले आहेत.