कुलवृत्तांत (संगणकीय)

एका कुळाची वंशावळ, मूळ गाव, कुलदैवत, स्थलांतरे आणि व्यक्तिपरिचय एकत्र देणारा ग्रंथ. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रामुख्याने चित्पावन कुळांनी हा प्रकार मराठीत रुजवला. हल्ली माहिती संगणकात भरून त्यातूनच ग्रंथाचा कच्चा मजकूर काढतात. ‘ग्रॅम्प्स’ ही यासाठीची मोफत प्रणाली. एका प्रणालीतून दुसरीत माहिती नेण्याचा ‘गेडकॉम’ हा साचा १९८४चा.

अशा ग्रंथासाठी कोल्हापूर भागात मूळ साधनांची ददात नाही. गावोगाव फिरून घराण्यांच्या पिढ्या वाचून दाखवणाऱ्या हेळव्यांच्या वह्या, पुरालेखागारातील मोडी कागद, जमिनीचे फेरफार आणि तीर्थोपाध्यायांच्या नोंदी मिळतात. अडचण येते ती हे सारे परदेशी साच्यात बसवताना. गेडकॉमला शक, फसली वा राज्याभिषेक शक ठाऊक नाही. म्हणून इसवी तारखेबरोबर मूळ मिती टिपेत जशीच्या तशी द्यावी लागते.

दत्तकाची नोंद हा सर्वांत नाजूक भाग. करवीर (कोल्हापूर) छत्रपतींच्या घराण्यात एकोणिसाव्या शतकात राजाराम, चौथे शिवाजी आणि शाहू असे तिघे लागोपाठ दत्तक आले. कागलकर घाटग्यांचे यशवंतराव (जन्म २६ जून १८७४) हे १७ मार्च १८८४ रोजी दत्तक गेले आणि शाहू महाराज झाले. संगणकात त्यांना दोन कुटुंबांत दाखवावे लागते: जनक पिता आबासाहेब घाटगे, दत्तक पिता चौथे शिवाजी. नात्याच्या रकान्यात ‘दत्तक’ निवडायचे राहिले, तर एकच मुलगा दोन घरांत औरस म्हणून छापला जातो. जुने कुलवृत्तांतकार हा फरक एका वाक्यात सांगत.

स्त्रियांची माहेरची व सासरची नावे वेगवेगळी नोंदवता येतात, पण पुष्कळ संपादक तेवढे कष्ट घेत नाहीत आणि सुना नुसत्या ‘सौ.’ म्हणून उरतात. आजोबांचेच नाव नातवाला ठेवण्याच्या रिवाजामुळे प्रत्येक व्यक्तीला पिढीनिहाय क्रमांक देणे भागच असते.

यंत्राने काढलेली ‘जन्म झाला, विवाह झाला’ छापाची वाक्ये तशीच छापलेला ग्रंथ वाचवत नाही. संपादकाने ती नव्याने लिहिली पाहिजेत. हयात व्यक्तींचा तपशील छपाईतून वगळण्याची सोय ग्रॅम्प्समध्ये आहे.