वाघूर: सशाच्या वाटेवरून मेंढरांच्या वाड्यापर्यंत

दिवस कलला की हातकणंगले-शिरोळकडच्या शेतात मेंढरं बसवायला आलेला धनगर मेढी रोवतो, त्यांना जाळं ताणतो आणि कळप आत घेतो. त्या जाळ्याचं नाव वाघूर, कुठे वाघर. ऐकणाऱ्याला वाघ आठवतो. पण या शब्दाच्या कुळात वाघ नाही. मूळ शब्द संस्कृत 'वागुरा'. अमरकोशात तो हरणं पकडायच्या जाळ्यासाठी येतो, आणि त्या जाळ्यावर पोट भरणारा तो 'वागुरिक'.

म्हणजे वाघूर जन्माने शिकारीची, आणि हरणासारखीच ती सशालाही लावायची. ससा ठरलेल्या वाटांनी धावतो, हे पारध्याला ठाऊक. त्या वाटेवर आडवी वाघूर लावायची, एकाने झुडपाआड दबा धरायचा आणि बाकीच्यांनी लांबून ओरडत, झुडपं बडवत हाका घालायचा. भेदरलेला ससा जाळ्यात शिरला की दबा धरलेल्याने झेप घ्यायची. सशाच्या या जीवघेण्या धावपळीतूनच 'ससेहोलपट' मराठीत आली.

अशा शिकारीत माणसं थट्टाही करत. सगळी जमवाजमव झालेली, ससा उठलेला, आणि नेमकं तेव्हाच सोबतचं कुत्रं खाली बसलेलं! 'ऐन शिकारीच्या वेळी कुत्रं हागायला' ही म्हण माळावरची, आज ती कचेरीतही चालते.

पारध्यांमधले फासे लावणारे ते फासेपारधी. या जमातीवर चोरीचा शिक्का बसलेला होता. शिकारीची मनस्वी आवड असलेल्या राजर्षी शाहू महाराजांनी मात्र त्यांचे तीक्ष्ण डोळे आणि चिवट पाय ओळखले आणि त्यांना पहाऱ्याच्या कामावर घेतलं. महाराजांच्या संस्थानच्या शिकारीचं दाजीपूरचं रान 1958 मध्ये अभयारण्य झालं. पुढे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली सशाची पारधही गुन्हा ठरली.

वाघूर मात्र टिकली, कारण तिला दुसरं काम मिळालं होतं. जाळं तेच, पूर्वी धावत्या जिवाला अडवायचं, आता निजलेल्या कळपाला लांडग्यापासून राखतं. फासेपारध्याच्या हाती पहारा आला, राजाच्या शिकारीचं रान राखीव झालं, तशीच ही वाघूरही राखणीला लागली. शब्दाचं याहून चांगलं भाग्य कोणतं? रात्री तिच्या आत कोकरू आईला बिलगून निजतं.