अडीच तोळे चीज

युद्धाचा इतिहास लिहिणारे रणांगणापासून आरंभ करितात. स्वयंपाकघराची आठवण त्यांस झालीच तर शेवटच्या प्रकरणांत होते. आजच्या भाषणापुरता हा क्रम मी उलटा करणार आहें. दुसऱ्या महायुद्धांत इंग्लंडमधील सामान्य गृहिणी आपल्या चुलीपाशीं रोज एक लढाई लढत होती, आणि तिचा शस्त्रसंभार म्हणजे बटाटे, गाजरें, फुलकोबी आणि चीजचा एक लहानसा तुकडा!

तो तुकडा किती लहान होता हें आधीं सांगितलें पाहिजे. युद्धापूर्वीं ब्रिटनमध्यें दरसाल सुमारें दोन कोटी टन अन्न जहाजांतून येत असे. चीजपैकीं तर जवळजवळ सत्तर टक्के परदेशचें. न्यूझीलंड आणि कॅनडा हे त्याचे मोठे पुरवठेदार. जर्मन पाणबुड्यांनीं हा समुद्रमार्ग धोक्यांत आणला. ८ जानेवारी १९४० रोजीं डुकराचें खारवलेलें मांस, लोणी आणि साखर यांवर रेशनिंग आलें, आणि मे १९४१ मध्यें चीजची पाळी आली. आरंभींचा वांटा माणशीं आठवड्याला एक औंस, म्हणजे आपले सुमारें अडीच तोळे. जुलै १९४२ मध्यें तो आठ औंसांपर्यंत चढला खरा. पण हा सुकाळ टिकला नाहीं, आणि बहुतेक काळ दोन-तीन औंसांवरच भागवावें लागलें.

मात्र या वांटपांत एक शहाणपण होतें. शेतमजुरास आणि खाणींत उतरणाऱ्या कामगारास चीजचा जादा वांटा मिळे, कारण त्याला दुपारचें जेवण भाकरीबरोबर बांधून न्यावें लागे. शाकाहारी म्हणून नांव नोंदवून मांसाचा हक्क सोडणारासही अधिक चीज मिळे. मांसाच्या जागीं चीज, हा हिशेब सरकारनें स्वतःच मान्य केला होता. हिशेबही चुकीचा नव्हता. सुमारें दहा शेर दुधाचें एक शेर चीज होतें. दुधांतील बहुतेक स्निग्धांश आणि पोषक द्रव्यें त्यांत सांठवलेलीं असतात, आणि तें महिनोन्महिने टिकतें.

भाज्यांवर मात्र युद्धकाळांत रेशनिंग नव्हतें. घरोघरच्या फुलबागा खणून लोकांनीं त्यांत बटाटे आणि गाजरें लाविलीं. अपवाद कांद्याचा. इंग्लंडचा पुष्कळसा कांदा फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतांतून येत असे. तो प्रांत शत्रूच्या हातीं पडतांच कांदा असा दुर्मिळ झाला कीं सोडतींत तो बक्षीस म्हणून ठेवीत! नाशिक जिल्ह्यांतल्या माणसाला ही गोष्ट सांगून खरी वाटावयाची नाहीं.

आतां अडचण अशी कीं इंग्रजी स्वयंपाकांत भाजीला कधींच मान नव्हता. ताटाचा धनी मांस. भाजी म्हणजे भरपूर पाण्यांत गाळ होईपर्यंत उकडलेली आश्रित. ही पिढ्यान्‌पिढ्यांची खोड मोडावयाची कशी? तें काम नभोवाणीनें अंगावर घेतलें. जून १९४० पासून बी. बी. सी. वर सकाळीं सव्वाआठ वाजतां ‘किचन फ्रंट’ नांवाचें पांच मिनिटांचें भाषण होऊं लागलें. वेळ मुद्दाम निवडलेली, कारण त्यानंतरच बायका बाजारास निघत. एल्सी आणि डॉरिस वॉटर्स या विनोदी भगिनी तींत बोलत. चार्ल्स हिल हे नांव न सांगतां ‘रेडिओ डॉक्टर’ म्हणून पोट आणि पथ्य यांविषयीं रोखठोक सांगत. भाजी थोड्या पाण्यांत, झांकण ठेवून शिजवा, उरलेलें पाणी फेकूं नका, सुपांत घाला, हा उपदेश त्या काळीं पुनःपुन्हा झाला. आपल्याकडील आजीबाईंना यांत नवल वाटणार नाहीं.

त्या दिवसांचा खरा आधार म्हणजे चीज घातलेली फुलकोबी. पदार्थ जुना आणि अगदीं साधा. फुलकोबीचे तुरे बेताचे शिजवावयाचे. थोड्या चरबींत पीठ परतून त्यांत दूध घालावयाचें. तेंही ताजें नसलें तर भुकटीचें. त्या दाटसर रसांत मोहरीची पूड आणि किसलेलें चीज मिसळून सर्व तुऱ्यांवर ओतावयाचें, आणि वरून तांबूस होईपर्यंत भट्टींत ठेवावयाचें. यांतली खुबी किसणींत आहे. अडीच तोळ्यांचा तुकडा तसाच खाल्ला तर दोन घांसांत संपतो. किसून रसांत मिसळला कीं साऱ्या थाळीला त्याची चव येते.

याउलट ज्याचा फार गाजावाजा झाला तो वुल्टन पाय. अन्नमंत्री लॉर्ड वुल्टन यांच्या नांवाचा हा पदार्थ सॅव्हॉय हॉटेलचे मुख्य आचारी फ्रांस्वा लात्री यांनीं योजिला, आणि एप्रिल १९४१ मध्यें ‘टाइम्स’नें त्याची कृति छापली: बटाटा, फुलकोबी, गाजर आणि स्वीड हा सलगमाच्या जातीचा कंद, प्रत्येकीं एक पौंड, थोडी कांद्याची पात, चमचाभर ओटाचें पीठ, आणि वर बटाट्याचें किंवा कणकेचें आवरण. पौष्टिक खरा, पण मूळ कृतींत चीज नाहीं! कित्येक गृहिणी आपल्या वांट्यांतलें चीज त्यावर किसून घालीत. माझ्या मतें त्यांची जीभ मंत्र्याहून शहाणी होती.

या शिस्तीनें इंग्लंड उपाशी राहिलें नाहीं, हें कबूल करावेंच लागेल. गरिबाच्या मुलाला युद्धापूर्वींपेक्षां अधिक दूध मिळालें. परंतु हा न्याय समुद्र ओलांडून आला नाहीं. १९४३ सालीं बंगालमध्यें दुष्काळानें जीं माणसें मेलीं त्यांची संख्या सरकारी चौकशी समितीनें सुमारें पंधरा लाख धरली. पुढील अनेक अभ्यासकांनीं ती वीस ते तीस लाखांपर्यंत नेली. धान्य आणण्यासाठीं हिंदुस्थान सरकारनें मागितल्याइतकीं जहाजें लंडननें दिलीं नाहींत. मुंबईंत मे १९४३ मध्यें धान्याचें रेशनिंग सुरू झालें. कलकत्त्यांत तें यावयास १९४४ चा जानेवारी उजाडला. माणशीं वांटा ठरविण्याची विद्या याच राज्यकर्त्यांना चांगली अवगत होती, म्हणूनच हा उशीर अधिक खुपतो.

खुद्द इंग्लंडांतही या व्यवस्थेची किंमत कोणी तरी मोजलीच. ती चीज करणाऱ्या शेतकऱ्यांनीं. दूध प्रथम पिण्यासाठीं, उरेल तें चीजसाठीं, असा नियम झाला. चीजही टिकाऊ, कठीण आणि एकसारखें हवें. स्टिल्टनसारखें नामांकित चीज करण्यास मनाईच झाली. लोक त्या एकछापी मालाला ‘सरकारी चेडर’ म्हणत. चेशर जातीचें चीज करणारीं शेतघरें १९३९ मध्यें ४०५ होतीं, तीं १९४८ मध्यें ४४ उरलीं; लँकेशर जातीचीं २०२ होतीं, तीं २२ झालीं. प्रत्येक खोऱ्याच्या गवताची आणि प्रत्येक घरच्या हाताची चव त्या चीजमध्यें उतरत असे. ती विद्या आईकडून मुलीकडे जाई. दहा वर्षें हात थांबला कीं अशी विद्या कागदावरून परत आणणें कठीण.

चीजवरील रेशनिंग मे १९५४ मध्यें उठलें, मांसावरील ४ जुलैला. शेतघरांच्या चीजला पुन्हा थोडे चांगले दिवस येण्यास आणखी वीस-पंचवीस वर्षें लागलीं. चीज घातलेली फुलकोबी मात्र इंग्लंडांत आजही घरोघर होते. पुष्कळ घरीं ती रविवारच्या भाजलेल्या मांसाच्या कडेला, जोडभाजी म्हणून वाढतात.