तंबीह माहीत, तशवीक नाही

अब्बास किआरोस्तामी म्हटलं की सिनेमावाले १९९७ च्या कान महोत्सवाची गोष्ट काढतात. तिथे त्याच्या 'टेस्ट ऑफ चेरी'ला पाम द'ओर मिळाला. मला त्याआधीचा किआरोस्तामी जवळचा वाटतो. तो वीस वर्षं मुलांवर सिनेमे लिहीत आणि करत होता. मी जवळपास तितकीच वर्षं त्याच वयाच्या मुलांच्या वह्या तपासतो आहे.

१९४० साली तेहरानमध्ये जन्म. चित्रकला शिकला, जाहिराती केल्या. मग मुलांसाठीच्या 'कानून' या संस्थेत त्याने चित्रपट विभाग उभा करायला हातभार लावला. (हा कानून छोट्या काफचा, म्हणजे केंद्र. कायद्याचा कानून मोठ्या काफचा.) १९७० साली तिथेच पहिला लघुपट केला: पाव घेऊन घरी निघालेला मुलगा आणि गल्लीत आडवा आलेला कुत्रा. बस, एवढंच.

१९७४ च्या 'मुसाफिर'मधल्या कासिमला तेहरानला जाऊन फुटबॉलची मॅच बघायची असते. तो रोल नसलेल्या कॅमेऱ्याने शाळेतल्या पोरांचे 'फोटो' काढून पैसे जमवतो. लबाडच आहे. पण हेडमास्तरांची छडी त्याच्या हातावर पडते तेव्हा आपण कासिमच्या बाजूचे असतो.

१९८७ साली 'दोस्ताचं घर कुठे आहे' आला. दोस्ताची वही अहमदच्या दप्तरात चुकून येते. पुन्हा वहीत गृहपाठ दिसला नाही तर शाळेतून काढीन, अशी धमकी मास्तरांनी त्या दोस्ताला दिलेली. अहमद टेकडी ओलांडून शेजारच्या गावात पळतो, घर सापडत नाही, आणि शेवटी रात्री बसून दोस्ताचाही गृहपाठ स्वतःच लिहितो. यातले अहमदचे आजोबा सांगतात की त्यांचा बाप दर आठवड्याला एक पैसा द्यायचा आणि दर पंधरवड्याला मार. पैसा द्यायला तो कधीकधी विसरे, मार द्यायला कधीच नाही.

पण मला झोंबला तो १९८९ चा 'मश्क-ए-शब', म्हणजे गृहपाठ. स्वतःच्या मुलाच्या गृहपाठाने हैराण झालेला हा बाप कॅमेरा घेऊन एका शाळेत जातो आणि मुलांना एकेक करून समोर बसवतो. कार्टून आवडतं की गृहपाठ? मुलं घाबरून म्हणतात, गृहपाठ. तंबीह म्हणजे काय, हे ती लगेच सांगतात. उर्दूत तंबीह म्हणजे ताकीद, फारसीत थेट शिक्षा. कुणी बापाच्या पट्ट्याचं नाव घेतं. तशवीक म्हणजे काय? बऱ्याच मुलांना हा शब्दच ठाऊक नाही. शौकाच्याच घरातला शब्द: उत्तेजन, शाबासकी.

दुसऱ्या दिवशी मी सातवीच्या वह्यांचा गठ्ठा तपासायला घेतला आणि आधी माझेच जुने शेरे वाचले. अपूर्ण. अक्षर सुधार. पालकांची सही आण. पुन्हा अपूर्ण. पस्तीस वह्यांत 'छान' दोनदा सापडलं, आणि दोन्ही वेळा त्याच मुलीच्या वहीत.