निष्काम प्रेमाची कसोटी

ईश्वरावरील प्रेमात स्वतःच्या मोक्षाची इच्छाही उरू नये, ही अपेक्षा भारतीय वाचकास अपरिचित नाही. मुक्तीहून भक्तीला श्रेष्ठ मानणारी संतवाणी त्याच्या कानांवरून गेलेली असते. परंतु सतराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये हाच विचार मांडला गेला तेव्हा त्याचा वाद राजदरबारापासून रोमपर्यंत पोचला. आणि ज्याने तो मांडला, त्याला आपल्या ग्रंथावरच पाणी सोडावे लागले.

फ्रान्स्वा फेनेलाँ (१६५१-१७१५) हा १६८९ पासून चौदाव्या लुईच्या नातवाचा शिक्षक आणि १६९५ पासून काँब्रेचा आर्चबिशप होता. मादाम गुइयाँ या विधवा साधिकेच्या शिकवणीचा त्याच्यावर प्रभाव होता. जीवाने स्वतःची चिंता सोडून ईश्वरेच्छेत विसावावे, असे ती सांगे. मोलिनोस या स्पॅनिश धर्मगुरूची तत्सम शिकवण रोमने १६८७ मध्येच निषिद्ध ठरविली होती. साहजिकच गुइयाँवरही संशयाची छाया पडली. फेनेलाँने १६९७ मध्ये संतवचनांचे विवरण करणारा ग्रंथ लिहून या अनुभवास परंपरेचा आधार दिला. शिक्षेच्या भयाने किंवा स्वर्गाच्या आशेने केलेल्या प्रेमाहून केवळ ईश्वरासाठी केलेले प्रेम त्याने श्रेष्ठ मानले. ईश्वराने आपणांस नरकात लोटावयाचे ठरविले, अशी अशक्य कल्पना केली तरी ते प्रेम उणे होऊ नये, येथवर हा विचार जातो.

बोस्युएचा आक्षेप मात्र उथळ नव्हता. श्रद्धा, आशा आणि प्रेम हे ख्रिस्ती जीवनाचे तीन सद्गुण. उद्धाराविषयी उदासीन होणे म्हणजे त्यांतील आशेचाच त्याग करणे. ख्रिस्ताने शिकविलेल्या प्रार्थनेत रोजची भाकरसुद्धा मागितलेली आहे. मागणे हेच जर उणेपण, तर ती प्रार्थना सामान्य भाविकाने कोणत्या तोंडाने म्हणावी?

वादाची रीत मात्र या प्रश्नाच्या उंचीस शोभणारी नव्हती. १६९७ मध्ये राजाने फेनेलाँला दरबारातून काढून काँब्रेस धाडले. १६९८ मध्ये बोस्युएने विश्वासाने सोपविलेल्या खाजगी लेखनाचा उपयोग करून आपला वृत्तान्त छापला. त्याच वर्षी गुइयाँ बास्तीच्या तुरुंगात गेली. रोममधील परीक्षकांत समसमान फूट पडली. तरीही लुईचा तगादा चालूच होता. अखेर १२ मार्च १६९९ रोजी बाराव्या इनोसंट पोपने ग्रंथातील २३ विधाने दोषार्ह ठरविली.

ही वार्ता फेनेलाँला २५ मार्च रोजी, प्रवचनास उभे राहण्यापूर्वी मिळाली, आणि ठरलेला विषय बाजूस सारून तो वरिष्ठांच्या आज्ञापालनावर बोलला, असे चरित्रकार सांगतात. ९ एप्रिलच्या पत्रकाने त्याने हा निर्णय स्वीकारला आणि आपलाच ग्रंथ वाचण्यास आपल्या धर्मप्रांतात मनाई केली.

ही दरबारी माणसाची हिकमत होती काय? परंतु अशा हिकमतीने जे मिळावयाचे, ते त्याला कधीच मिळाले नाही. दरबाराचे दार बंदच राहिले. शुद्ध प्रेमाची कल्पनाही त्याने मनातून टाकली नव्हती, हे त्याच्या नंतरच्या पत्रांवरून दिसते. त्याने सोडला तो विचार नव्हे, विजयाचा हट्ट. ईश्वरेच्छेपुढे स्वार्थ सोडणे, हा त्याचा सिद्धान्त; तो त्याला आचरावा लागला तो सिद्धान्ताच्या पराभवात.

तथापि येथेच एक धोका आहे. ईश्वराची इच्छा माणसापर्यंत बहुधा माणसांच्याच मुखाने पोचते, आणि त्या मुखांत राजाचा स्वार्थही बोलत असतो. गुइयाँ १७०३ पर्यंत तुरुंगातच होती. तिच्या बंदिवासाला ईश्वरेच्छा म्हणणे तिला स्वतःला शोभेल, तिला कोंडणाऱ्यांना नव्हे.

१६९९ मध्येच फेनेलाँची ‘तेलेमाक’ ही कथा त्याच्या संमतीवाचून छापली गेली. राजाने आपले वैभव व युद्धाची हाव प्रजेच्या हितासाठी सोडावी, असे तीत राजपुत्रास शिकविलेले आहे. चौदाव्या लुईला त्या उपदेशात आपल्यावरील टीकाच दिसली. स्वार्थत्यागाची जी मागणी आर्चबिशपाने स्वतःपुरती मान्य केली, ती राजसिंहासनाला मात्र मानवली नाही.