कांत, वामन रामराव
(६ ऑक्टोबर १९१३ – ८ सप्टेंबर १९९१). मराठी कवी. वा. रा. कांत या नावाने प्रसिद्ध. जन्म नांदेड येथे. शिक्षण नांदेड व हैदराबाद येथे. निजाम सरकारच्या शेतकी खात्यात काही वर्षे नोकरी केल्यानंतर त्यांनी नभोवाणीत प्रवेश केला आणि हैदराबाद, औरंगाबाद व मुंबई या केंद्रांवर काम केले.

कांतांच्या काव्यलेखनाचा प्रारंभकाळ मराठवाड्याच्या दृष्टीने कोंडीचा होता. नांदेड हैदराबाद संस्थानात होते. लातूर त्या वेळी उस्मानाबाद (सध्याचे धाराशिव) जिल्ह्यात, तर उदगीर बीदर जिल्ह्यात मोडत असे. राज्यकारभाराची व उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. सभासंमेलनांवर निर्बंध असल्याने मराठी शाळा, वाचनालये व नियतकालिके हीच लोकजागृतीची साधने ठरली. अशा स्थितीत मराठीतून लिहिणे ही केवळ वाङ्मयीन हौस राहिली नाही. १९३८ मध्ये स्टेट काँग्रेस व आर्य समाज यांचे सत्याग्रह झाले; त्याच वर्षी उदगीरचे कार्यकर्ते भाई श्यामलाल यांचा बीदरच्या तुरुंगात मृत्यू झाला. पुढे स्वामी रामानंदतीर्थ यांच्या नेतृत्वाखाली लढा तीव्र झाला. ३० जानेवारी १९४८ रोजी नांदेड जिल्ह्यातील उमरी येथील बँक कार्यकर्त्यांनी लढ्याच्या खर्चासाठी लुटली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली.

या काळाचा दाह कांतांच्या आरंभीच्या कवितेत आढळतो. फटत्कार (१९३३) हा संग्रह प्रसिद्ध झाला, तेव्हा ते विशीचे होते. रुद्रवीणा (१९४७) हा संग्रह भारत स्वतंत्र होऊनही हैदराबाद पारतंत्र्यात राहिले, त्या वर्षी निघाला. अन्याय व विषमता यांविषयीची चीड आणि स्वातंत्र्याची ओढ हे या कवितेचे विशेष होत. निजामाच्या सेवेत असलेल्या कवीने ती लिहावी, यात जोखीम होती.

शततारका (१९५०), वाजली विजेची टाळी (१९५६) व वेलांटी (१९६२) या संग्रहांत त्यांची कविता अधिक अंतर्मुख व प्रतिमासंपन्न झाली. मरणगंध (१९७५) हे त्यांचे नाट्यकाव्य. श्रीनिवास खळे यांनी स्वरबद्ध केलेल्या व वसंतराव देशपांडे यांनी गायिलेल्या ‘बगळ्यांची माळ फुले’ या गीतामुळे त्यांचे नाव महाराष्ट्रभर पोहोचले. या लोकप्रियतेमुळे त्यांची ओळख मुख्यतः भावगीतकार अशीच राहिली आणि पूर्वीचा प्रखर स्वर काहीसा उपेक्षित झाला. मराठवाड्याच्या वाङ्मयीन इतिहासात मात्र त्याचे मोल मोठे आहे. कारण बोलण्यावर बंधने असलेल्या प्रदेशातील तरुण पिढीचे मन त्यातून प्रकट झाले.