धूळपाटीवरचा इतिहास

साहित्याच्या अभ्यासकाला पाठभेदाची कल्पना नवी नाही. ग्रंथाची नवी आवृत्ती निघाली म्हणून जुनी नाहीशी होत नाही. ती कुठल्याशा ग्रंथालयाच्या कपाटात, कुणाच्या घरच्या फडताळात पडून राहते आणि वेळ आली की दोन्ही प्रती शेजारी ठेवून ताडून पाहता येतात. ऑनलाइन खेळांच्या जगात ही सोय नाही. तिथे मोठे अपडेट येते तेव्हा नवा पाठ जुन्याच्या शेजारी बसत नाही, त्याच्याच जागी बसतो. वर्ष-दोन वर्षे दूर राहून अशा खेळाकडे परतणाऱ्यास हे चटकन जाणवते. नाव तेच, गल्ल्या त्याच, पण खेळ निराळा. हा अनुभव केवळ हळहळीचा विषय नसून इतिहासलेखनाचा प्रश्न आहे, असे आम्हांस वाटते. तो तपासण्यासाठी 'काउंटर-स्ट्राइक' हा एकच खेळ आम्ही येथे निवडला आहे.

या खेळाचा जन्मच मुळी दुसऱ्याच्या संहितेवर झाला. अमेरिकेतील व्हॉल्व्ह या कंपनीचा 'हाफ-लाइफ' हा खेळ १९९८ च्या नोव्हेंबरात आला. त्यात फेरफार करून मिन्ह ली आणि जेस क्लिफ या दोन तरुणांनी १९९९ च्या जूनमध्ये 'काउंटर-स्ट्राइक'चे पहिले चाचणीरूप इंटरनेटवर ठेवले. एक गट बॉम्ब पेरू पाहणार, दुसरा त्यास अडवणार. आणि जो मेला त्याने ती फेरी संपेपर्यंत नुसते पाहत बसायचे. या साध्या नियमामुळे प्रत्येक पावलाला किंमत आली. पुढे कंपनीनेच हा खेळ आपलासा केला आणि २००० च्या नोव्हेंबरात तो दुकानांत आला. वाचकांच्या हातून घडलेला ग्रंथ प्रकाशकाने स्वीकारावा, तसाच काहीसा हा प्रकार होता.

पहिली मोठी फारकत २००३ ची. त्या सप्टेंबरात कंपनीने 'स्टीम' ही आपली वितरणव्यवस्था सुरू केली आणि तिच्याबरोबर १.६ ही आवृत्ती आणली. तीत नवी शस्त्रे होती, गोळ्या अडवणारी ढाल होती. जुनी १.५ ही आवृत्ती 'वॉन' नावाच्या सेवेवर चाले. ती सेवा २००४ च्या जुलैअखेर बंद झाली. तरीही जुन्या पाठाला चिकटून राहणाऱ्यांनी स्वतःची पर्यायी व्यवस्था उभारली. त्यांना हे जमले, कारण खेळाची प्रत त्यांच्या हातात होती आणि सर्व्हर कुणालाही चालवता येत होता. आपल्याकडच्या शहरांतील सायबर कॅफेंत हा खेळ रुजला तोही याच कारणाने. बाहेरचे इंटरनेट कितीही मंद असले, तरी एका खोलीतले आठ-दहा संगणक तारेने जोडले की खेळ सुरू होई. कंपनीने काय बदलले याची खबर त्या खोलीपर्यंत पोहोचलीच पाहिजे असे काही बंधन नव्हते.

आवृत्त्या बदलत गेल्या तरी एक गोष्ट टिकली. ती म्हणजे 'डस्ट टू' हा नकाशा, खेळाडूंच्या भाषेत मॅप. डेव्ह जॉन्स्टन यांनी २००१ मध्ये रचलेले हे वाळवंटी गाव २००४ च्या 'सोर्स'मध्ये आले, २०१२ च्या 'ग्लोबल ऑफेन्सिव्ह'मध्येही आले. त्यातील जागांची 'लाँग', 'मिड', 'कॅटवॉक', 'टनेल' ही नावे रुळली ती खेळाडूंच्या हाकांतून. शत्रू कुठे दिसला हे सोबत्याला निमिषार्धात सांगायचे, तर शब्द आखूडच हवा. पुढे पुढे तर खेळाडू उभा असेल त्या जागेचे नाव खेळच पडद्याच्या कोपऱ्यात दाखवू लागला. मौखिक परंपरा आधी आणि लेखी नोंद मागाहून, हा क्रम साहित्याच्या विद्यार्थ्यास परिचयाचा वाटेल.

दुसरी फारकत २७ सप्टेंबर २०२३ ची. त्या दिवशी 'काउंटर-स्ट्राइक टू' हा खेळ आला तो 'ग्लोबल ऑफेन्सिव्ह'च्या जागी, अपडेटच्या रूपाने. जुन्या खेळाची स्टीमवरची जागा, त्याचे खेळाडू, इतकेच काय, पण वर्षानुवर्षे लिहिली गेलेली त्याची परीक्षणेसुद्धा नव्याच्या नावे झाली. एका कादंबरीवरचे अभिप्राय दुसऱ्या कादंबरीच्या मलपृष्ठावर छापावेत, तसे हे झाले.

परतणारा खेळाडू या बदलाला सामोरा जातो तो बुद्धीने नव्हे, हाताने. एके-४७ च्या तीस गोळ्या सलग सोडल्या की नेम आधी वर चढतो, मग आडवा झुलतो. माउस उलट दिशेने किती खेचायचा हे हाताने हजारो फेऱ्यांत पाठ केलेले असते. अशा पाठांतराला नव्या घरात जागोजागी ठेच लागते. स्मोक ग्रेनेडचेच उदाहरण घ्या. जुन्या खेळात धूर म्हणजे भिंत होती. ती एकदा उभी राहिली की मावळेपर्यंत पलीकडचे दिसत नसे, आणि सगळी व्यूहरचना या भरवशावर चाले. नव्या खेळात धूर म्हणजे पडदा झाला. तो दाराच्या चौकटीतून वाहतो, गोळीने त्याला भोक पडते, बॉम्बच्या स्फोटाने तो क्षणभर दुभंगतो. जुन्या सवयीने धुराआड निर्धास्त उभा राहिलेला माणूस हमखास मारला जातो. सामन्याची लांबीही आटली. पूर्वी तीस फेऱ्यांत जो आधी सोळा जिंकेल तो विजयी. आता चोवीस फेऱ्यांत तेरा पुरतात. मागे पडलेल्या संघाला सावरण्यासाठी मिळणारा अवकाश त्यामुळे कमी झाला. नाटकाचा एक प्रवेश गाळला तर उरलेल्या प्रवेशांचे वजन बदलते, तसाच हा परिणाम आहे.

न्यायाने बोलायचे तर हे बदल अविचाराने केलेले नाहीत. जुना धूर दोन खेळाडूंना दोन प्रकारे दिसू शके. नवा सर्वांना सारखाच दिसतो. कंपनीचा जुना सर्व्हर एका सेकंदाचे चौसष्ट भाग करून काळ मोजी आणि दोन भागांच्या मधे घडलेली कृती पुढच्या भागात ढकली. नवी व्यवस्था ती नेमकी कोणत्या क्षणी घडली याची नोंद ठेवते. पाठ शुद्ध करण्याचा हेतू येथे प्रामाणिक आहे. आमचा आक्षेप शुद्धीला नाही, शुद्धीबरोबर झालेल्या विसर्जनाला आहे.

या विसर्जनातून काय वाचले आणि काय गेले, ते पाहण्याजोगे आहे. खेळाडूंनी पैसे मोजून घेतलेली शस्त्रांची रंगीत आवरणे नव्या खेळात जशीच्या तशी आली. याउलट खेळातील १६७ पराक्रमांच्या नोंदी जाऊन एकच उरली, 'डेंजर झोन'सारखा एक आख्खा खेळप्रकार नाहीसा झाला, आणि मॅक संगणकांवर खेळणाऱ्यांना दार बंद झाले. ज्याला बाजारात मोल होते ते जपले गेले. ज्याला केवळ आठवणीत मोल होते ते जपण्याची कुणाला निकड भासली नाही.

येथे आम्हांस ज्ञानेश्वरीच्या पाठाचा इतिहास आठवतो. नाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली आणि तीच परंपरेत रूढ झाली. तरीही १९०९ मध्ये राजवाडे एक हस्तलिखित छापून 'हा नाथांपूर्वीचा पाठ' असे म्हणू शकले. त्यांचा दावा मान्य करा वा करू नका. पण वाद घालायला दुसरी पोथी शिल्लक होती. 'ग्लोबल ऑफेन्सिव्ह'ची एक गोठवलेली प्रत कंपनीने मागे ठेवली हे खरे, मात्र १ जानेवारी २०२४ पासून तिचा आधार काढून घेतला. जुन्या सामन्यांच्या नोंदी असलेल्या फायली नव्या खेळात चालत नाहीत. त्या पाहायला ती जुनी प्रतच लागते. शिवाय अशा खेळाचा पाठ केवळ फायलीत नसतो. समोर खेळणारी माणसे हाही त्याचा अर्धा भाग असतो. माणसे एका रात्रीत नव्या गावी नेली, की जुने गाव जसेच्या तसे उभे असूनही ओस पडते.

तेव्हा हा खेळ पोथीवर नव्हे, धूळपाटीवर लिहिला गेला आहे. धूळपाटीवरचे अक्षर पुसले तरी ते गिरवलेल्या बोटात राहते. परतलेला खेळाडू धुराआड चुकीच्या भरवशाने उभा राहतो तेव्हा त्याच्या त्या चुकीत जुन्या पाठाची नोंद असते, आणि पुष्कळदा तीच शेवटची प्रत असते. नव्या सवयी लागायला फार दिवस लागत नाहीत. महिन्याभरात हात नवे शिकतो आणि जुने विसरतो. म्हणून आमचे म्हणणे इतकेच, की परतणाऱ्यांनी तक्रार करून थांबू नये. पूर्वी काय होते, ते कसे वाटे, कोणती युक्ती कोणत्या आवृत्तीत चाले आणि कोणत्या अपडेटने मोडली, हे तारखांसह लिहून ठेवावे. पाठचिकित्सेचे शिक्षण घेतलेल्या आपल्यासारख्यांनी अशा लिखाणाला खेळकऱ्यांची बडबड न समजता साधन मानावे. उद्या या खेळांचा इतिहास कुणाला लिहायचा झाला, तर त्याच्यापुढे कदाचित एवढेच साधन उरलेले असेल.